टिपायचं, घासायचं नाही

डागकाकांनी उभ्या जन्मात एक वाक्य कुठल्याही गिऱ्हाइकाला ऐकवलं नव्हतं : "हा डाग निघणार नाही." बाकी वाटेल ते ऐकवायचे. "जेवता की कपड्यांना भरवता?" हे तर ठरलेलंच. तोंड फटकळ, पण हात सोन्याचा, असं लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणायच्या, आणि गिऱ्हाइकं बोलणी खाऊनही परत त्यांच्याकडेच यायची.

तो सोन्याचा हात कुणी जवळून बघितला नव्हता, हे बरं होतं. तळव्याच्या रेघा उकललेल्या, बोटांच्या बेचक्यांत सालपटं, मनगटाशी कातडी जाड आणि काळपट झालेली. हवा कोरडी पडली की भेगांतून रक्त यायचं. खाज तर बारा महिने. बायको होती तोवर ती झोपायच्या आधी त्या हातांना तेल लावायची आणि म्हणायची, "हा हात आहे की पायपुसणं?" ती गेली आणि तेलही गेलं. कुणी हाताबद्दल विचारलंच तर काका म्हणायचे, "कामाचे हात आहेत. सोड्यात जन्म गेला, अजून काय व्हायचं?" आणि हात खिशात घालायचे.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. त्यावर वाफेची नळी, हाडाची एक गुळगुळीत पट्टी, मऊ ब्रश, पांढऱ्या टॉवेलांची चळत. वरच्या फळीवर बाटल्या. एकाही बाटलीवर नाव नव्हतं. शाईचं औषध खोकल्याच्या बाटलीत, तेलाचं सरबताच्या बाटलीत, असा सगळा संसार. मालकीणबाई कुरकुरायच्या, तर काका म्हणायचे, "नावं लिहून काम करतो तो शिकाऊ. मला बाटली अंधारात दिली तरी ओळखेन."

त्यात एक बाटली होती तिला मात्र खुद्द काकाही टरकून असायचे. गंजाचं पाणी. लोखंडी बटणाचा, खिळ्याचा, पत्र्याच्या पेटीचा तांबूस डाग कापडावर पडतो ना, त्यावर एक थेंब टाकला की डाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. ते पाणी काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकमध्ये ठेवावं लागतं. दिसायला साधं पाणी. विकणारा माणूस बजावून गेला होता, "हातमोजे घालूनच. अंगावर पडलं तर लगेच काही वाटत नाही. वाटायला लागतं तेव्हा ते आत पोचलेलं असतं." काकांनी मान डोलावली होती. आणि तरीही त्यातलं थोडंसं पाणी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून त्यांनी घरी आणलं होतं, कारण सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारचे लोक आपले डागाळलेले कपडे घेऊन त्यांच्या गॅलरीत येत. नाही म्हणणं काकांच्या रक्तातच नव्हतं. ती इवलीशी पांढरी बाटली गॅलरीतल्या फळीवर उभी राहिली, आणि बराच काळ तिनं कुणाचं काही वाकडं केलं नाही.

घरात तिघंच. मुलगा जहाजावर, वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर. सून ग्रंथालयात कामाला, शांत बाई, बोलली तर मोजकं बोलणारी. आणि नात. तिला काका खारूताई म्हणायचे, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. दोन्ही हातांत बिस्कीट धरून ती कुरतडायची तेव्हा ते नाव तिला फारच शोभायचं.

खारूताईचे कपडे घरी धुतले जात नसत. काका ते लाँड्रीत न्यायचे. साबण, सोडा, आणि सगळ्यात शेवटी त्यांचं खास पाणी : थोडी खळ, थोडा मऊपणा आणणारा रस, थोडा सुवास. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना ते एकदा द्यायचे, नातीच्या कपड्यांना दोनदा. शाळेत तिच्या गणवेशाची कॉलर सगळ्यांत पांढरी, कडक, वासाची. शिक्षिका म्हणायच्या, "हिच्या घरी लाँड्री आहे का काय?" काकांना हे ऐकून कोण आनंद व्हायचा.

पहिला चट्टा कोपराच्या आतल्या घडीत आला. मग दुसऱ्या हाताला. मग गुडघ्यांच्या मागे. कोरडा, खरखरीत, तिच्या सावळ्या कातडीवर तांबूस-करडा. खाजवला की त्यातून पाणी सुटायचं, मग खपली धरायची, खपली निघाली की पुन्हा खाज. खारूताई दोन्ही हातांनी खाजवायची आणि आता ते नाव उच्चारताना काकांच्या मनात पाल चुकचुकायची.

"आजोबा, हे काय झालंय?"

"डाग पडलाय."

"मग काढा."

"काढू की. त्याला काय लागतं!"

तोंडातून निघून गेलं. लेकराला बरं वाटावं म्हणून माणूस काय काय बोलतो. पण खारूताईनं आजोबांना आजवर डागापुढे हरलेलं पाहिलं नव्हतं. तिनं तो शब्द जपून ठेवला.

काका लागले कामाला. आंघोळीला कडकडीत पाणी, कारण गरम पाण्यानं मळ सुटतो. कपडे धुवायचा पिवळा साबण, कारण त्याच्याइतका खात्रीचा दुसरा नाही. खरखरीत पंचानं खसाखसा पुसायचं. आंघोळ झाल्यावर घटकाभर पोरीला बरं वाटायचं, आणि मग अंगाची जी लाही व्हायची की ती गादीवर गडाबडा लोळायची. भिंतीपलीकडून खरखर ऐकू यायची. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असायचे आणि काका ते थंड पाण्यात भिजत घालायचे, रक्ताला गरम पाणी चालत नाही म्हणून. चादरीच्या बाबतीत त्यांचं काही चुकत नव्हतं.

शाळेतही ते लपलं नाही. एका आईनं सुनेला फाटकाशी गाठलं. "रागावू नका हं, पण पोरांना लागेल ना ते. वेगळं बसवता आलं तर..." सून तडक निघाली. घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "बाबा, उद्या आपण हिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेतोय. तुम्हीपण चला."

"कशाला? साबण बदलून बघतोय ना मी."

"साबण पुरे झाला."

डॉक्टरीणबाई वयानं सुनेएवढ्याच. घाई नव्हती त्यांना. खारूताईचे कोपर, गुडघे, मान, सगळं उजेडात धरून पाहिलं, आणि ऐकवलं ते इतक्या साध्या आवाजात, की काकांना ते खोटंच वाटलं.

"इसब आहे. एक्झिमा. अगदी नेहमीचा आजार, माझ्याकडे दिवसभर अशीच मुलं येतात. घाबरू नका. हा मळ नाही, आणि हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हिचा हात खुशाल धरा, शेजारी बसवा, काही होत नाही." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "कातडी म्हणजे एक भिंत धरा. हिच्या भिंतीतला गिलावा जन्मतःच जरा कमी आहे. त्यामुळे आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं काहीबाही आत शिरतं. साबण, सुवास, धूळ, लोकरीची टोकं. मग कातडी चिडते, खाज सुटते, खाजवलं की भिंत आणखी फुटते. असं ते चक्र आहे."

"आणि औषध?" सुनेनं विचारलं.

"गिलावा आपण बाहेरून द्यायचा. हे साधं जाड मलम, वासाचं नाही, दिवसातून पुष्कळदा, हात राखून लावायचं नाही. आंघोळ कोमट पाण्याची, थोडक्यात, आणि अंग टिपायचं, घासायचं नाही. आंघोळीनंतर लगेच मलम. हे दुसरं औषधी मलम फक्त चिडलेल्या जागी, मी सांगेन तितकेच दिवस. मनानं वाढवायचं नाही, घाबरून टाळायचंही नाही. नखं कापलेली. कपडे सुती, आणि बिनवासाच्या साबणात धुऊन स्वच्छ पाण्यातून पुन्हा पुन्हा खळबळलेले."

"टिपायचं, घासायचं नाही" हे ऐकून काका एकदम ताठ झाले. हे तर त्यांचंच वाक्य होतं. टेबलाशी उभं राहून त्यांनी ते खारूताईलाही किती वेळा शिकवलं होतं : खाली टॉवेल ठेवायचा, कडेकडून मधे यायचं, टिपायचं, घासायचं नाही. आणि हेच काका त्या लेकराचं अंग पंचानं घासत होते.

"बरं होईल ना पूर्ण?" सुनेनं विचारलं.

"हे येतं आणि जातं. पुष्कळ मुलांचं मोठेपणी बरंच कमी होतं, काहींचं राहतं. मुळापासून उपटून टाकता येत नाही, पण काबूत ठेवता येतं. चट्टे बसले की तिथं काही दिवस रंग वेगळा दिसेल. तो आपोआप जातो. त्याच्या मागे लागू नका. घरात आणखी कुणाला असं काही? दमा? सतत शिंका?"

सून म्हणाली, "नाही."

डॉक्टरीणबाई काकांकडे पाहत होत्या. काकांचे हात खिशात. "आजोबा, हात बघू."

"माझं काय? मी लाँड्रीत काम करतो. कामाचे हात आहेत."

"तेच बघायचेत."

हात बाहेर काढावे लागले. त्यांनी मनगट वळवून पाहिलं, मग विचारलं, "लहानपणी गुडघ्यांच्या मागे, कोपरात, असं व्हायचं का?"

आणि काकांना आठवलं. आईनं त्यांच्या मुठींना बांधलेल्या चिंध्या. खाजवू नये म्हणून गाठ मारून बांधलेल्या. ते दातांनी सोडायचे. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"नाही बुवा," काका म्हणाले. "तसलं काही नव्हतं."

"असो. पण हेही इसबच आहे, आणि कामातल्या रसायनांनी ते वाढलंय. रक्ताच्या नात्यात हे चालत येतं. नातीला बहुधा तुमच्याकडूनच आलंय. यात कुणाचा दोष नसतो हं."

शेवटचं वाक्य काकांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. माझ्याकडून! ज्या माणसानं जगाचे डाग काढले त्याच्याकडून त्याच्या नातीला डाग! तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी येईपर्यंत ते पुढे पुढे चालत राहिले. दारातच म्हणाले, "काल शिकून आलेली पोरगी ती. तिला काय कळतंय?"

सून म्हणाली, "तिला कळतंय, बाबा." आणि मलमाचा डबा तिनं कपाटात नव्हे, पोरीच्या उशाशी ठेवला.

दोन्ही मलमांनी खरोखर गुण आला. थोड्याच दिवसांत कोपर मऊ पडले, खरखर थांबली, पोरगी शांत झोपायला लागली. सगळं मार्गी लागलं असतं. पण मलमाला एक खोड होती, ते तेलकट होतं. खारूताईची कॉलर, बाह्या, फ्रॉकची कंबर, जिथं जिथं मलम तिथं तिथं पिवळट पारदर्शक डाग. शाळेतली सगळ्यांत पांढरी कॉलर आता खाणावळीच्या टेबलक्लॉथसारखी दिसू लागली. साध्या साबणाला ते डाग दाद देईनात.

दुसरा कुणी आजोबा असता तर म्हणाला असता, असू दे. डागकाकांना ते कसं जमावं? सुनेनं बजावलं होतं, कपडे घरीच धुवायचे, साध्या साबणात. तरी काका ते पिशवीत घालून लाँड्रीत न्यायला लागले. "तू दमून येतेस, मी बघतो," म्हणाले. सरबताच्या बाटलीतलं तेलाचं औषध, त्यावर सोडा, आणि मग औषधाचा वास जावा म्हणून शेवटचं सुवासाचं पाणी, आता तीनदा. कॉलर पुन्हा झगझगीत. घरी आणून ते कपडे सुनेच्या कपड्यांत मिसळून ठेवायचे. सुनेला वासावरून संशय आला, पण तिनं कानाडोळा केला. म्हाताऱ्याला तेवढंच समाधान, असं तिला वाटलं. त्याबद्दल तिनं नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही.

चट्टे परतले. या वेळी मानेवर, मनगटाभोवती, कमरेला. मलम लावावं तितके वाढू लागले. सून हवालदिल झाली. "मलमानंच होतंय की काय?" ती पुटपुटली.

काकांनी ती संधी साधली. "मी सांगत नव्हतो? बंद कर ते. कातडीला श्वास घेऊ दे."

दोन दिवस मलम बंद राहिलं आणि पोरीची मान सोललेल्या बटाट्यासारखी ओली झाली.

त्यातच शाळेत नाटुकलं होतं. मुलांनी हात धरून फेर धरायचा होता. शिक्षिकेनं समजावलं होतं, लागत नाही म्हणून, तरी खारूताईच्या दोन्ही बाजूंची मुलं तिच्या बाहीचं टोक तेवढं चिमटीत धरत. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही डाग काढणार होतात."

"काढू हं, राणी."

"कधी?"

तेवढ्यात शेजारीण गॅलरीत आली, खिडकीच्या गजाला लागून गंजाचा पट्टा उमटलेला पडदा घेऊन. काकांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी पडद्याखाली टॉवेल ठेवला, हातमोजे चढवले, पांढऱ्या बाटलीतून थेंब टाकले. तांबूस पट्टा बघता बघता विरला. मग कापड पाण्यातून काढलं. खारूताई चौकटीला टेकून बघत होती. खाजवायचंही विसरली होती.

"हे कुठल्या डागाचं?"

"तांबड्या-तांबूस. गंजाचं. हात नाही लावायचा हं याला."

"घासायचं नाही?"

"छे. टिपायचं."

तिनं मान हलवली. काकांनी बाटली फळीवर परत ठेवली, हातमोजे तिथंच वाळत टाकले आणि विषय डोक्यातून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शाळेचा गणवेश घालताना काकांचा हात मधेच थांबला. डाग वाचायची त्यांची एक रीत होती. डागाच्या मधोमध बघून काही कळत नाही, असं ते म्हणायचे. कड बघायची. चहाची कड गडद, तेलाची पसरट, घामाची पांढरी. कड सांगते डाग कुठून आला. आणि खारूताईच्या मानेवरच्या लालीची कड सरळ होती. कात्रीनं कापल्यासारखी. ती कॉलरच्या शिवणीबरोबर वळत होती. मनगटावर बाहीच्या पट्टीएवढं कडं. कमरेला नाडीएवढा पट्टा. जिथं जिथं काकांनी डाग काढला होता, तिथं तिथं.

त्यांनी कॉलर नाकाशी नेली. सुवास आला. त्यांचा स्वतःचा.

गणवेश त्यांनी उतरवला आणि जुना, धुऊन धुऊन विटलेला सदरा तिच्या अंगात घातला. "आज शाळा नको," म्हणाले. सून तोवर कामाला गेली होती. ती संध्याकाळी आली की सांगायचं, काकांनी ठरवलं. मलमाचा दोष नाही, डॉक्टरांचा नाही, माझा आहे. एवढंच तर सांगायचं होतं. पण ज्याला कधी चुकलो म्हणायची सवय नाही त्याला तेवढंच डोंगराएवढं होतं. दुपारभर ते आतल्या खोलीत खुर्चीवर बसून शब्द जुळवत होते. "अगं, जरा चूक झाली" म्हणावं, की "मला काय ठाऊक होतं" म्हणावं? मधे त्यांना वाटलं, आज नको, उद्या सांगू. मग वाटलं, न सांगताच गुपचूप लाँड्रीत नेणं बंद केलं तर? घर शांत होतं. खारूताई इतका वेळ शांत कधी बसत नाही हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

ती स्वतःच आली. चेहरा फुललेला. डाव्या कोपराखाली पांढरा टॉवेल नीट घडी करून धरलेला, आणि कोपराची घडी ओली.

"आजोबा, बघा. मी घासलं नाही. टिपलं. कडेकडून मधे."

काकांनी ओल्या जागेकडे पाहिलं. मग तिच्या दुसऱ्या हाताकडे. त्यात ती पांढरी बाटली होती.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही तर! मुळीच नाही. गेला का डाग?"

दुखत नव्हतं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते काकांना त्या घटकेला कळलं. त्यांनी तिला उचलली, मोरीत नेली, हात नळाखाली धरला आणि पाणी सोडलं. धार मोठी, आणखी मोठी. ती हसत होती, भिजतेय म्हणून. काका ओरडून शेजारणीला हाका मारत होते, आणि ती धावत आली तेव्हा एवढंच म्हणाले, "गाडी बोलाव. सुनेला फोन कर." गाडी येईपर्यंत धार अखंड सोडून मग त्यांनी तिला ओल्या टॉवेलात गुंडाळली, बाटली पिशवीत कोंबली आणि निघाले.

गाडीत अर्ध्या वाटेवर खारूताई हसायची थांबली. "आजोबा, आतून काहीतरी होतंय," म्हणाली. मग ओठ मिटून घेतले, आणि मग तिनं जो टाहो फोडला तो काका मरेपर्यंत विसरणार नाहीत.

इस्पितळात पहिला प्रश्न, कशानं झालं? परिचारिकेनं बाटली उलटीसुलटी करून पाहिली. त्यावर फिकट अक्षरांत डोळ्यांच्या औषधाचं नाव होतं. काकांनी आत काय आहे ते सांगितलं, स्पष्ट, न अडखळता, आणि कुठून आणलं तेही. सून तेव्हा दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मग धावपळ सुरू झाली, हातावर जेलचे थर, सुया, काळजाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला छातीला वायरी. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "शाबूत कातडीवर पडलं असतं तर एवढं आत गेलं नसतं. हिची आधीच फुटलेली होती." काकांना ती भिंत आठवली.

बाकावर सुनेशेजारी बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. कपडे, सुवासाचं पाणी, कॉलरची कड, आईनं मुठींना बांधलेल्या चिंध्या. दुपारी जुळवलेल्या शब्दांतला एकही कामी आला नाही, तुटक तुटक जे आलं ते सांगितलं. सून समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली. तिकडेच बघत म्हणाली, "सकाळी कळलं होतं?"

"हो."

"फोन करता आला असता."

"हो."

त्यानंतर कितीतरी दिवस ती काकांशी बोलली नाही. ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

खारूताई वाचली. हात वाचला, बोटं नीट हलतात. ती घरी आली तेव्हा गॅलरीतली फळी रिकामी होती. उरलेल्या बाटल्या काकांनी मालकीणबाईंच्या हवाली केल्या होत्या, एकेकीवर नाव लिहून, आणि डागाचं टेबल सोडलं होतं. आता ते काउंटरवर बसून कपडे घेतात, देतात. गिऱ्हाईक डाग दाखवायला लागलं की आत बोट करतात.

कपडे सून धुते. साध्या साबणात, भरपूर पाण्यात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं चालू झालं, मलम, कोमट पाणी, कापलेली नखं. मानेवरची लाली ओसरली, मनगटाचं कडं पुसट झालं, आणि ऋतू पालटेपर्यंत तिथला उरलेला रंगही निघून गेला. कुणी काही न करता. अधूनमधून गुडघ्यामागे चट्टा डोकं वर काढतो आणि मलमानं बसतो. खारूताई तेलकट कॉलर घालून शाळेत जाते, आणि काका दारात उभं राहून त्या कॉलरकडे बघतात, हात पाठीमागे घट्ट धरून.

कोपराच्या घडीत मात्र एक खूण राहिली. रुपयाएवढी, फिकट, चकचकीत, ओढल्यासारखी.

एका संध्याकाळी गॅलरीत ती त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. आत सून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आजोबा, मानेवरचं गेलं. हे कधी जाणार?"

काकांनी जन्मभर जे वाक्य टाळलं ते नेमकं या लेकरापुढे बोलायचं होतं.

"हा निघणार नाही, राणी."

तिनं कोपर वळवून वळवून पाहिला. रडली नाही. मग म्हणाली, "कड बघून सांगा ना. कुठून आला?"

आतला घड्यांचा आवाज थांबला.

"माझ्याकडून," काका म्हणाले.

"मग खाजेचं पण तुमच्याकडूनच आलं ना? डॉक्टर म्हणाल्या होत्या."

"ते माझ्याकडून आलं, त्यात माझा काही गुन्हा नव्हता गं. त्याची मी उगाच लाज धरली. हा डाग मात्र मी पाडला."

तिला ते कितपत कळलं कोण जाणे. तेवढ्यात सून बाहेर आली. इतक्या दिवसांत मलमाचा डबा तिनं काकांच्या हाती दिला नव्हता. आज तिनं तो त्यांच्यासमोर ठेवला.

"तिच्या गुडघ्यामागे लावायचंय," ती म्हणाली. "आधी तुमच्या हातांना लावा. खरखरीत हात तिला टोचतात."